मूळ प्रत परत

दापोलीत कचेरीसमोर माझं दुकान.
एक मशीन, एक स्टेपलर, उन्हाने विटलेला बोर्ड.
सरकारने काय ठरवलं ते मला
टोनर किती लवकर संपतो त्यावरून कळतं.

यंदा परदेशी शिक्षणाचा शासन निर्णय आला,
अकरा पानं, पाठपोट.
पान चारवर जगातल्या पहिल्या दोनशे विद्यापीठांची अट,
पान सातवर उत्पन्नाची,
पान नऊवर : शिक्षण पूर्ण होताच स्वदेशी परतणे बंधनकारक राहील.
मी काही वाचत बसत नाही,
पण शंभरदा काचेवर ठेवलेला कागद
आपोआप पाठ होतो.

हर्णैची निशिगंधा चोगले आली.
फायलीला मासळीचा वास येतोय, असं स्वतःच म्हणाली
आणि हसली.
तिला थंड पाण्यातल्या माशांचं शिकायचंय,
स्कॉटलंडला.
बाप दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल.
तलाठ्याने विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती?
बाप म्हणाला, कुठल्या वर्षाचं?
वादळाच्या, की बांगड्याच्या?
सातबारा मागितला तेव्हा त्याने
खिडकीतून पश्चिमेकडे बोट केलं.
तलाठी भला माणूस.
शेतजमिनीपुढे लिहिलं, निरंक.

मग शुद्धिपत्रक आलं. एकच पान.
'दोनशे' ऐवजी 'दीडशे' असे वाचावे.
तिचं विद्यापीठ एकशे बासष्टावं.
असे वाचावे.
तिने यादीवरून बोट खाली खाली नेलं,
पुन्हा वर आणलं,
लिलावात टोपल्या मोजतात तसं,
आणि म्हणाली, काका, निवेदनाच्या पाच प्रती काढा.
पैसे मी तीनचेच घेतले.

तिच्या मागे रांगेत सालिम, झांझिबारचा.
कृषी विद्यापीठात एक्सचेंजवर आलेला,
दर महिन्याला पासपोर्टच्या प्रती काढायला हजर.
त्याने सगळं ऐकलं, अर्धं समजलं.
म्हणाला, पूर्वी तुमच्या किनाऱ्याची गलबतं
आमच्या बेटावर यायची.
मी विचारलं, मग व्हिसा कोण द्यायचं?
वारा, तो म्हणाला.
एका वाऱ्याने यायचं,
तो उलटा फिरला की निघायचं.
नाही निघालात, तर पुढच्या वर्षापर्यंत तिथलेच.
काहींनी लग्नं केली.

म्हणजे पान नऊ जुनंच आहे.

गणपतीत बायकोने त्याच्याकडे मोदकांचा डबा पाठवला.
परत आला तो लवंगांनी भरून.
भांडं रिकामं परत करू नये,
हे त्याला कुणी सांगितलं?
आमच्या सरकारच्या अकरा पानांत तर नाही.

आणि एके दिवशी दुसरं शुद्धिपत्रक :
'दीडशे' ऐवजी पूर्वीप्रमाणेच असे वाचावे.
निवेदनांनी झालं, की कुणा बड्याच्या पोराचं
विद्यापीठ एकशे नव्वदावं निघालं,
देव जाणे.
मला फक्त टोनर कळतो.

हमीपत्राला दोन जामीन हवे होते.
एक बोटीचा मालक.
दुसऱ्यासाठी ती काउंटरशी उभी राहिली,
काही न बोलता,
पाचशेचा मुद्रांक सुरळी करून हातात.
परतली नाहीस तर? मी विचारलं.
तुमचं मशीन विकायला लागेल, म्हणाली.
ते कोण घेतंय, मी म्हटलं,
आणि सही केली.
पेन चालेना, दोनदा गिरवावी लागली.

तीस वर्षांत एकच नियम पाळला :
प्रती कितीही काढा, मूळ प्रत परत द्यायची.
झाकणाखाली लोक विसरून जातात
दहावीच्या गुणपत्रिका, मृत्यूचे दाखले,
एकदा तर कुणाची कुंडली.
सगळं ड्रॉवरमध्ये ठेवतो.
लोक येतात. कधी आठवड्याने, कधी
मुलाच्या लग्नाच्या वेळी.

ती गेली त्या संध्याकाळी झाकण उचललं तर
खाली तिच्या बापाचा उत्पन्नाचा दाखला.
मुदत एक वर्ष.
अभ्यासक्रम दोन वर्षांचा.
बापाला फोन केला, तो समुद्रात होता,
रेंज नव्हती.

दाखला ड्रॉवरमध्ये आहे,
लवंगांच्या पुडीशेजारी.
उघडलं की आधी एक वास येतो,
मग दुसरा.